सातव्या डबीची माती

पुढची हकिगत कुणाला खरी वाटायची नाही. कोलशेतच्या बंदरावर ती सांगायला घेतली की ऐकणारे आधीच गालातल्या गालात हसायला लागतात. हसू दे. परशुराम भोईराचं नाव निघाल्यावर हसायचा हक्क सगळ्यांना आहे. या माणसानं एकदा खाडीतल्या सुसरीला दोर बांधून मिठाची होडी बाळकुमपर्यंत ओढून आणली आणि मेहनतीबद्दल तिला अर्धी भाकरी घातली, असं तो स्वतः सांगायचा. सुसरीचं काही सांगता येत नाही. भाकरीचं मात्र खरं असावं, कारण त्याची बायको आवडाबाई त्या अर्ध्या भाकरीवरून पुढे वीस वर्षं भांडत होती.

परशुरामाची थापा मारायची जागा ठरलेली होती. ठाण्यात मीठ उतरवून झालं की टेंभी नाक्यावरच्या हॉटेलात बसायचं, पायाचा चिखल बाकाखाली वाळू द्यायचा आणि कुणी ना कुणी चहा पाजेपर्यंत बोलत राहायचं. अशाच एका दिवशी कुणीतरी कल्याणचं नाव काढलं आणि परशुराम सहज बोलून गेला, "कल्याणला किल्ल्याखाली मोठ्या ओहोटीला एक धोंडा उघडा पडतो. त्याच्यावर किरिस्तावांचा क्रूस हाय, हातभर लांब. मी सोता हात लावलाय."

लोक हसले. पलीकडच्या बाकावर बसलेला एक म्हातारा हसला नाही. त्यानं कप खाली ठेवला, खिशातून वही काढली, शिसपेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि विचारलं, "मोठी ओहोटी म्हणजे नेमकी कुठल्या तिथीची?"

हे इनास मास्तर. तलावाकाठच्या इगर्जीमागे, म्हणजे चर्चमागे, राहायचे, मराठी शाळेत शिकवायचे. गावातले निम्मे लोक त्यांना साधू म्हणत आणि निम्मे वेडा. कारण एकच. त्यांच्या मोनूला, एकुलत्या एक मुलीला, नवव्या वर्षी विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मास्तरांनी नवस बोलला. पोर वाचू दे. येशूचे शिष्य आणि त्यांच्या मागून आलेली पहिली माणसं या देशात जिथे जिथे उतरली, जिथे त्यांनी पहिली देवळं बांधली, अशा सात जागा मी हातानं शिवेन. प्रत्येक जागेची चिमूटभर माती आणीन. आणि जाईन तो त्यांच्यासारखाच, पाण्यावरून नाहीतर पायी. रेल्वेचं चाक नाही, मोटारीचं नाही, टांग्याचंसुद्धा नाही.

पोर वाचली. मास्तर निघाले. मंगलोरी कौलं उतरवून रिकाम्या परतणाऱ्या फत्तेमारी गलबतात बसून ते मे महिन्याच्या सुट्टीत मलबारला गेले. एकदा नव्हे, अकरा उन्हाळे. मैलापूरला तर कोल्लमहून घाट चढून चालत गेले. परशुराम ही हकिगत सांगताना त्या घाटात दोन वाघ घालायचा, पण चालणं खरं होतं. कोल्लमची माती एका दलालानं धर्मशाळेच्या परसातली उचलून दिली होती. ते घरी आल्यावर कळलं, तशी मास्तरांनी ती डबी उकिरड्यावर ओतली आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोल्लम गाठलं. तपकिरीच्या पत्र्याच्या सात डब्या त्यांनी आणून ठेवल्या होत्या. सहा भरल्या.

सातवं कल्याण. चौदाशे वर्षांमागे कुणा परदेशी व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं होतं की कल्याणला ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिथे बिशप बसतो. मास्तरांनी ते कधीतरी वाचलं आणि घराजवळचं म्हणून शेवटी ठेवलं. कल्याण काय, सकाळी उठून चालायला लागलं की दुपारी हजर. गेलेही दोनदा. पण ते जुनं देऊळ कुठे होतं हे सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि नुसतं कल्याणात उभं राहून कुठलीही माती उचलणं म्हणजे पुन्हा धर्मशाळेचं परस. हात कशाला लावायचा, हे कळल्याशिवाय डबी भरणार नव्हती.

म्हणून त्या हॉटेलात ते हसले नाहीत.

पुढे तीन वर्षं परशुरामानं त्यांना चुकवलं. कधी होडीला डांबर लावायचं होतं, कधी कंबर धरली होती, एकदा तर त्यानं स्वतःची जिवंत सासू मारली. त्याला वाटलं म्हातारा विसरेल. स्वराज्याला चार वर्षं झाली, नाताळ होऊन आठवडा व्हायचा होता, आणि एका संध्याकाळी मास्तर कोलशेतला त्याच्या दारात येऊन उभे राहिले. उभे म्हणजे काठीवर टांगलेले. ठाण्यापासूनची वाट त्यांनी दोन दिवसांत तोडली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, छातीत भाता फुटल्यासारखा आवाज येत होता.

"परशुराम," ते म्हणाले, "उद्या कल्याणला ने."

"मास्तर, तुमचं अंग तापलंय. जरा बरं वाटू दे, मग..."

"मला बरं वाटायचं नाही आता. मोनू बाळंतपणाला घरी आलीय. तिचा पाळणा दोनदा रिकामा राहिला, ठाऊक आहे ना तुला? दोन्ही वेळा पोर जन्मलं ते रडलं नाही. लोक काही कारणं देतात. मला कारण माहीत आहे. एक डबी वीस वर्षं रिकामी आहे." त्यांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. आत पत्रा वाजला. "सुईण म्हणते, दोन-तीन दिवस. त्याच्या आत माझा हात त्या दगडाला लागला पाहिजे. मग माझं काय व्हायचं ते होवो."

खरं बोलायची हीच वेळ होती. परशुरामानं तोंड उघडलंही. पण खरं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं तोंड अशा वेळी नुसतंच उघडं राहतं. त्यातून बाहेर पडलं ते एवढंच, "बरं."

रात्री चुलीपाशी आवडाबाईनं विचारलं, "तो धोंडा हाय का खरंच?"

"कल्याणला काय धोंड्यांची कमी हाय?"

"क्रूसवाला?"

परशुराम उठला आणि शेजारच्या जात्याला टाकी लावणाऱ्याकडून एक टाकी आणि हातोडी मागून आणली. ती त्यानं होडीच्या फळीखाली लपवली. मास्तरांना दिसत नाही. किल्ल्याखाली एखादा बरा धोंडा गाठायचा, ते प्रार्थनेला बसले की पाठीमागे दोन आडव्या दोन उभ्या रेघा ओढायच्या. बेत वाईट नव्हता. आवडाबाईनं टाकी पाहिली आणि कपाळावर हात मारला. मास्तर ओसरीवर पडले होते आणि त्यांचा श्वास आत ऐकू येत होता.

आता खाडीतल्या माणसाकडे घड्याळ नसतं, तिथी असते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. परशुरामानं बोटांवर अमावास्येपासून दिवस मोजले. चतुर्थी. चारचे पाऊणपट तीन. तीन वाजता पाणी भरणार, त्या पाण्याच्या पाठीवर बसून कल्याण गाठायचं. बक्कळ वेळ होता. म्हणून सकाळी मास्तरांना होडीत गोधडीवर निजवल्यावर त्यानं काठावर बसून सावकाश एक चिलीम ओढली. मग आवडाबाईनं दिलेलं फडक्यातलं गाठोडं घेतलं आणि बांबूनं होडी लोटली.

पाणी चढतं होतं. काल्हेर मागे पडलं, कशेळी मागे पडली. शीड थोडं फुगलं. मास्तर नांगराच्या धोंड्याला उशी करून पडले होते, आणि ऊन लागल्यावर त्यांना जरा हुशारी आली.

"दगडाचा रंग कसा आहे रे?"

"काळा."

"आणि क्रूस? खोदलेला की उठावाचा?"

"खोदलेला."

"टोकं कशी आहेत? सरळ की कळीसारखी फुटलेली?"

परशुरामानं बांबू खोल रोवला. एक थाप मारायची म्हणजे सोपं असतं. तीच थाप तीन वर्षं पोसायची आणि वर तिला रोज नवे कपडे घालायचे म्हणजे माणूस घामाघूम होतो. "कळीसारखी," तो म्हणाला.

मास्तरांनी डोळे मिटले. "म्हणजे फार जुना. मैलापूरला आहे तसाच." त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की परशुरामाला खाडीत उडी मारावीशी वाटली. दुसऱ्यांदा त्याचं तोंड उघडलं. दुसऱ्यांदा ते तसंच मिटलं.

मुंब्र्याचा डोंगर मागे टाकून होडी कोपरच्या अलीकडे आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. परशुरामानं अंदाज घेतला. अजून तासभर तरी पाणी पाठीशी होतं, तेवढ्यात किल्ला. त्याला भूक लागली. बांबू आडवा टाकून त्यानं फडकं सोडलं. तांदळाची भाकरी, कांदा, आणि भाजलेले सुके बोंबील.

पहिला घास तोंडात गेला आणि तिथेच थांबला.

आवडाबाई चतुर्थीला बोंबील घराबाहेरच्या वळईवर टांगते. चतुर्थीला तिच्या चुलीवर वासाचं काही चढत नाही, मग घरात पाहुणा असो की मयत. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यात एकदाही नाही.

त्यानं पुन्हा बोटं मोजली. दोन्ही हातांची मोजली. मग आठवलं. परवा ती शेजारणीला म्हणाली होती, या पक्षात द्वितीया दोन दिवस आली गं. त्या वेळी तो सुसरीची गोष्ट सांगण्यात गुंतला होता. आज चतुर्थी नव्हती. तृतीया होती. तिनाचे पाऊणपट सव्वादोन.

त्यानं पाण्याकडे पाहिलं. होडीशेजारी तरंगणारं एक वाळकं पान हललं, थबकलं आणि समुद्राकडे चालायला लागलं.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काय नाय. तुमी पडा."

मग परशुराम बांबूवर जसा तुटून पडला, तसा तो आयुष्यात कधी कामावर तुटून पडला नव्हता. हातांना फोड आले, फुटले. अमावास्येजवळचं पाणी जेवढं चढतं तेवढंच खाली पळतं, आणि ते पळताना कुणाची वाट बघत नाही. डोंबिवलीच्या बाजूला, दोन्ही काठ लांब असलेल्या जागी, होडीखाली काहीतरी खरवडलं. होडी एकदा हलली, पुढच्या खेपेला हलली नाही. सकाळी ओढलेली चिलीम परशुरामाच्या छातीत उभी राहिली. तेवढाच वेळ कमी पडला होता.

अर्ध्या तासात भोवती पाणी नव्हतंच. राखी रंगाचा चिखल, त्यात खेकड्यांची बिळं, लांबवर तिवरांची काळी रेघ. रेघेपलीकडे मिठागराचा बांध, आणि बांधापलीकडून रेल्वेची शिट्टी आली.

परशुरामाला आशा फुटली. "मास्तर, ऐकलंत? डोंबोलीचं ठेसन. तुमाला पाठीवर घेतो, बांधावर नेतो. तिथून गाडीनं कल्याण कितीसं?"

"रेल्वेचं चाक नाही, परशुराम."

"दोन ठेसनं मास्तर. देव काय फाटकात उभा हाय तिकीट बघायला?"

"देवाचं सोड. मी बोललोय."

"मग चालत नेतो. पाठीवर. पाय माझे, पण पायीच ना?"

मास्तरांनी विचार केला. "चालेल," ते म्हणाले. "धर्मगुरूंना विचारायला हवं होतं, पण चालेल."

परशुरामानं त्यांना पाठीवर घेतलं. म्हातारा एवढा हलका होता की त्याला भीती वाटली. पहिलं पाऊल गुडघाभर गेलं, दुसरं मांडीभर. तिसरं त्यानं टाकलं तेव्हा चिखल कमरेला लागला आणि आणखी खाली ओढायला लागला. तो बाहेर यायला किती वेळ गेला ते त्यालाच ठाऊक. होडीच्या काठाला धरून, मास्तरांना आधी आत ढकलून, मग स्वतः वर चढून तो पालथा पडला तेव्हा त्याच्या तोंडातही चिखल होता. एरवी या प्रसंगाचं त्यानं सुसरीएवढं मोठं काही केलं असतं. पुढे कधीही, कुणालाही, तो हे तीन पावलांचं सांगताना एकही पाऊल वाढवत नसे.

मास्तर आता खोकतही नव्हते. खोकायला जोर लागतो. ओठ निळे पडले होते, हात गार. "परशुराम," ते हळू म्हणाले, "उन्हं आहेत ना अजून? मला उजेड दिसतोय. उजेड आहे तोवर हात लागू दे. उद्याचं काही खरं नाही."

"लागतो मास्तर. पाणी चढलंच बघा आता."

पाणी दिवेलागण झाल्यावर यायला लागणार होतं, आणि होडी उचलण्याइतकं मध्यरात्रीच्या सुमारास. म्हातारा तेवढा टिकणार नव्हता. परशुराम डोकं धरून बसला. कल्याण दोन कोसांवर होतं. धोंडा तिथेही नव्हता. धोंडा कुठेच नव्हता. फळीखाली टाकी होती, हातोडी होती, आणि चारी दिशांना एवढा चिखल की मुठीएवढा दगड सापडला नसता.

मग त्याची नजर मास्तरांच्या उशाकडे गेली.

नांगराचा धोंडा. काळा, नारळाच्या दुप्पट. दोर निसटू नये म्हणून त्याच्यावर एक उभी आणि एक आडवी खोबण कोरलेली असते. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथे, जल्ला, क्रूस नाहीतर दुसरं काय.

परशुराम उठला. त्यानं घसा साफ केला. आणि मग त्यानं आयुष्यातली सगळ्यांत मोठी थाप मारायला घेतली.

"आली," तो ओरडला. "होडी सुटली मास्तर." तो एका काठावरून दुसऱ्या काठावर उड्या मारायला लागला, म्हणजे होडी डुलावी. बांबूनं बादलीतल्या पाण्यात चुळुकचुळुक केलं. "हा बघा, कल्याणचा किल्ला दिसला. भिंतीवर पिंपळ उगवलाय. खाली रेतीच्या होड्या लागल्यात, गर्दी काय गर्दी. ए गोविंदा, बाजूला घे तुझी होडी." मग त्यानं नाक दाबून, दुसऱ्याच आवाजात, स्वतःला उत्तर दिलं, "कोन, परशा काय? कवा आयलास?" आणि पुन्हा आपल्या आवाजात, "मास्तरांना घेऊन आलोय. मोठं माणूस हाय, नीट बोल." एक बगळा या गोंधळानं घाबरून चिखलातून उडाला. "लोक बघायला जमलेत मास्तर," परशुराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाजात ते येऊ द्यायचं नाही एवढी कला त्याला होती.

"ओहोटी मोठी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"मोठी. धोंडा उघडा पडलाय. होडी त्याच्या अंगालाच लावतो."

त्यानं दोराची गाठ सोडली, धोंडा मास्तरांच्या डोक्याखालून अलगद काढला, तिथे गोधडीची घडी सरकवली. धोंड्यावरून ओला चिखल फिरवला, काठावर टेकवून धरला. मग मास्तरांचा हात आपल्या फोडांच्या हातात घेऊन त्यावर ठेवला.

"हा घ्या," तो म्हणाला.

मास्तरांची बोटं उभ्या खोबणीतून वर गेली. आडवीवर आली. दोन्ही खोबणी मिळाल्या त्या ठिकाणी थांबली. त्यांचे ओठ हलायला लागले. त्यात मोनूचं नाव दोनदा आलं. त्यांनी दुसऱ्या हातानं खिशातली डबी काढली, अंगठ्यानं झाकण उघडलं. परशुरामानं श्वास धरून ठेवला होता. त्या क्षणी त्याला खरंच किल्ला दिसत होता, पिंपळ दिसत होता, आणि आतापर्यंत मारलेल्या सगळ्या थापा एका ठिकाणी येऊन खऱ्या झाल्या असं त्याला वाटत होतं.

मास्तरांची बोटं पुन्हा हलली. आडव्या खोबणीतून एका टोकाला गेली. तिथे कळी नव्हती. खोबण तशीच धोंड्याला वळसा घालून पाठीमागे गेली आणि दुसऱ्या बाजूनं परत आली. आत ती गुळगुळीत होती, वर्षानुवर्षं दोर घासून होते तशी. मास्तरांनी बोटं नाकाशी नेली. काथ्याचा वास. अकरा उन्हाळे ते फत्तेमारीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, असल्याच धोंड्यांना टेकून झोपले होते.

त्यांनी डबीचं झाकण लावलं. घट्ट लावलं. ती खिशात ठेवली. आणि ज्या आवाजात ते तिसरीच्या वर्गाला गप्प करायचे, त्या आवाजात, अंगात असलेला-नसलेला सगळा जोर गोळा करून ते म्हणाले,

"परशुराम, हा तुझ्या होडीचा नांगर आहे, आणि कल्याण आलेलं नाही. पाणी कधी येतंय ते खरं सांग. तोवर मी मरत नाही."